भाड्याच्या टर्फवर हॉकी स्पर्धा भरवण्यापूर्वी मैदानाची पाहणी कशी करावी

शालेय किंवा जिल्हास्तरीय हॉकी स्पर्धेसाठी मैदान ठरवायला गेलेले आयोजक बहुधा आधी प्रेक्षकांची गॅलरी आणि बक्षीस समारंभाची जागा पाहतात. हा क्रम उलटा करावा. पिंपरीतील मेजर ध्यानचंद स्टेडियमसारखे मोठे मैदान असो किंवा एखाद्या संस्थेचे टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचे मैदान, असो, पाहणीची सुरुवात पाण्यापासूनच करावी.

पाणी किती लागेल हे टर्फच्या प्रकारावर ठरते, म्हणून ते कोणत्या प्रकारचे आहे, हे आधी ओळखावे. धागे बोटांनी बाजूला सारल्यावर तळाशी वाळू दिसली, तर ते वाळूभरण टर्फ होय. त्याला पाण्याची फारशी गरज नसते, मात्र वाळू सर्वत्र सारखी पसरलेली असावी लागते. वाळू नसलेले दाट, आखूड धाग्यांचे टर्फ पाण्यावर चालते. ते कोरडे राहिले, तर चेंडू अडखळतो आणि पडणाऱ्या खेळाडूचे गुडघे व कोपरे सोलवटून निघतात. निळा रंग २०१२ च्या लंडन ऑलिंपिकनंतर रूढ झाला, पण हिरवे टर्फ त्यामुळे कमी दर्जाचे ठरत नाही. निळ्यावर पिवळा आणि हिरव्यावर पांढरा चेंडू ठळक दिसतो, एवढे ध्यानात ठेवून चेंडूंची खरेदी करावी.

मैदान ९१.४० मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद असते. शेवटच्या रेषांमागे किमान ३ मीटर आणि बाजूंना किमान २ मीटर मोकळी जागा नियमानुसार लागते. ती धरून हिशेब केला, तर सर्वत्र केवळ १ मिलिमीटर पाणी द्यायलाही सुमारे ५,७०० लिटर लागतात आणि ३ मिलिमीटरसाठी १७,००० लिटरांहून अधिक. म्हणून टाकीची क्षमता, ती पुन्हा भरायला लागणारा वेळ आणि एका दिवसातील सामन्यांची संख्या यांचा मेळ कागदावर घालून पाहावा. दिवसाला चार सामने ठेवून दोन सामन्यांपुरतेच पाणी असलेले मैदान घेणे, ही आयोजकांची नेहमीची फसगत आहे.

पंप चालू करायला लावून स्प्रिंकलर प्रत्यक्ष पाहावेत आणि तेही दुपारी, वारा असताना पाहावेत. सकाळच्या शांत हवेत सगळेच ठीक दिसते. पाणी थांबल्यावर चारही कोपऱ्यांत आणि दोन्ही डींच्या (गोलांसमोर आखलेल्या डी आकाराच्या भागांच्या) माथ्यावर तळहात दाबावा. एखाद्या ठिकाणी हात कोरडा वर आला, तर तिथे फवारा पोहोचत नाही किंवा बोअरवेलच्या क्षारांनी नोझल बुजले आहे, असे समजावे. याउलट काही वेळानंतरही पाणी साचून राहत असेल, तर निचऱ्यात दोष आहे. सावलीच्या कडेला शेवाळाचा बुळबुळीतपणा असल्यास तो स्पर्धेपूर्वी काढून घेण्याची अट घालावी.

पृष्ठभागाची तपासणी चालत, खाली पाहत करावी. पट्ट्यांचे जोड उघडले आहेत का, गोलरक्षक उभा राहतो तिथले आणि पेनल्टी स्ट्रोकच्या ठिपक्याभोवतीचे धागे झिजले आहेत का, हे पाहावे. ३ मीटरची सरळ पट्टी टेकवून तिच्याखालील फट मोजावी. ६ मिलिमीटरपेक्षा मोठी फट चांगल्या टर्फवर नसते. इतर खेळांसाठी आखलेल्या जादा रेषा असतील, तर त्या पंचांना आधीच दाखवाव्यात. डीची त्रिज्या १४.६३ मीटर असते आणि तिच्या बाहेर ५ मीटरवर तुटक रेषा असते. ही तुटक रेषाच अनेक जुन्या टर्फवर पुसट झालेली आढळते.

गोलपोस्टकडे सहसा कोणी बारकाईने पाहत नाही, आणि वाद मात्र तिथेच होतात. खांबांमधील अंतर ३.६६ मीटर, आडव्या दांड्याची उंची २.१४ मीटर आणि गोलाच्या आत तळाशी बसवलेल्या फळीची उंची ४६० मिलिमीटर असावी. पेनल्टी कॉर्नरवर (बचाव करणाऱ्या संघाच्या चुकीबद्दल मिळणाऱ्या संधीवर) स्टिकने टोलावलेला पहिला फटका गोलरेषा ओलांडताना या फळीच्या उंचीपेक्षा वर असेल, तर गोल धरला जात नाही. त्यामुळे फळी कमी उंचीची किंवा खिळखिळी असली, तर पंचांच्या निर्णयाचा आधारच डळमळतो. जाळीच्या बांधणीचे बिंदू १५० मिलिमीटरपेक्षा दूर नसावेत आणि आत गेलेला चेंडू उसळून बाहेर येणार नाही इतकी ती सैल असावी.

खेळाडूंची व पंचांची वेगळी कपडे बदलण्याची खोली, मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह, राखीव खेळाडूंची छत असलेली बाकडी आणि गोलांमागची उंच संरक्षक जाळी या गोष्टी एका फेरीत पाहून होतात. संध्याकाळचे सामने असतील, तर अंधार पडल्यावर पुन्हा एकदा यावे आणि डीमध्ये दिव्यांची सावली पडते का, ते तपासावे. रुग्णवाहिका कोणत्या फाटकातून मैदानालगत येईल आणि त्या फाटकाची किल्ली कोणाकडे असते, हेही विचारून घ्यावे.

भाडेकरारात सामन्यांच्या वेळांबरोबर पाणी देण्याच्या वेळाही लिहून घ्याव्यात: प्रत्येक सामन्यापूर्वी आणि मध्यंतरात. पंप चालवणारा कर्मचारी शेवटच्या सामन्यापर्यंत हजर राहील आणि वीज गेल्यास जनरेटरवर दिव्यांबरोबर पंपही चालेल, ही दोन कलमे तोंडी आश्वासनावर सोडू नयेत.