ऑनलाइन सत्रात श्रोत्यांचा कौल घेण्यापूर्वीची तयारी

श्रोत्यांकडून सत्र चालू असतानाच ऑनलाइन मते घेणारे मेंटीमीटर किंवा स्लायडोसारखे साधन प्रथमच वापरायचे ठरले की बहुतेक वक्ते आधी खाते उघडतात, मग रंग आणि पार्श्वभूमी निवडतात, आणि प्रश्न आदल्या रात्री घाईघाईने लिहितात. तयारीची सुरुवात प्रश्नांपासूनच करावी. समजा, प्राथमिक शिक्षकांसाठी मुलांच्या वाचनावर तासाभराचे सत्र आहे. ‘वाचन महत्त्वाचे आहे का?’ या प्रश्नाला सगळेच हो म्हणतील आणि पुढे बोलण्यासारखे काही उरणार नाही. त्याऐवजी ‘तुमच्या वर्गातील किती मुले अनोळखी परिच्छेद न अडखळता वाचतात?’ असे विचारून ‘जवळपास सगळी’, ‘निम्म्याहून अधिक’, ‘निम्म्याहून कमी’ आणि ‘मोजकीच’ असे पर्याय दिले, तर मिळालेल्या कौलावरून सत्राची पुढची दिशा ठरते. प्रत्येक प्रश्नासमोर वहीत दोन ओळी लिहून ठेवाव्यात: कौल असा आला तर काय बोलायचे आणि तसा आला तर काय. दोन्ही ओळी सारख्याच निघाल्या तर तो प्रश्न बिनदिक्कत गाळावा. माझ्या मते तासाभराच्या सत्राला तीन प्रश्न पुष्कळ होतात.

वर्ड क्लाउड, म्हणजे श्रोत्यांनी लिहिलेल्या शब्दांचा पुंजका, ज्यात जास्त वेळा आलेला शब्द मोठ्या अक्षरांत दिसतो, दिसायला आकर्षक असतो, पण मराठी श्रोत्यांपुढे तो जपून वापरावा. एकाने ‘भीती’ लिहिले, दुसऱ्याने ‘भिती’ आणि तिसऱ्याने तोच शब्द रोमन अक्षरांत टंकला, तर एकाच भावनेचे तीन वेगवेगळे शब्द पडद्यावर येतात आणि सर्वांत जास्त लोकांनी सांगितलेली गोष्टच बारीक अक्षरांत दिसते. म्हणून नेमका कौल हवा असेल तेथे तयार पर्याय द्यावेत.

आता सर्वांत महत्त्वाची बाब. आपल्याकडील बरेच श्रोते फोनवरूनच सत्राला बसतात आणि मतही त्याच फोनवरून देतात. अशा वेळी पडद्यावर झळकवलेला क्यूआर कोड त्यांच्या उपयोगाचा नसतो, कारण ज्या फोनने तो स्कॅन करायचा त्याच फोनवर तो दिसत असतो. त्यांच्यासाठी थेट लिंक चॅटमध्ये टाकावी लागते. त्यातही झूमच्या मीटिंगमध्ये उशिरा येणाऱ्यांना आधीचे चॅट सहसा दिसत नाही, म्हणून प्रत्येक प्रश्नाच्या वेळी लिंक नव्याने टाकावी आणि शक्य असल्यास ती व्हॉट्सअॅप गटावर आधीच पाठवून ठेवावी. लिंक उघडल्यावर समोरची स्लाइड त्यांना दिसेनाशी होते, पण आवाज सहसा ऐकू येत राहतो. म्हणून प्रश्न आणि पर्याय सावकाश, पूर्ण वाचून दाखवावेत. सत्र यूट्यूबवरही थेट दाखवले जात असेल, तर तेथे चित्र आणि आवाज काही सेकंद मागे चालतात हे ध्यानात घेऊन मतदान जरा जास्त वेळ खुले ठेवावे.

खात्याच्या मर्यादा आठवडाभर आधी तपासाव्यात. मोफत योजनेत किती जणांना मत देता येते आणि किती प्रश्न ठेवता येतात, हे त्या साधनाच्या संकेतस्थळावर वाचून घ्यावे, कारण या अटी बदलत असतात. झूमच्या मोफत खात्यावरील मीटिंग ४० मिनिटांनी बंद होते, हेही तासाभराचे सत्र आखताना विसरून चालणार नाही. मतदान संपेपर्यंत निकाल झाकून ठेवण्याची सोय चालू करावी. पहिल्या दहा जणांचा कल दिसला की उरलेले त्याच बाजूला झुकतात. आपल्या वर्गातील उणिवा शिक्षकांनी मोकळेपणाने सांगाव्यात असे वाटत असेल, तर नाव विचारू नये आणि उत्तरे निनावी राहतील हे आरंभीच स्पष्ट करावे.

एक रंगीत तालीम अवश्य करावी, आणि ती श्रोत्याच्या बाजूने करावी: घरातल्या कोणाच्या तरी साध्या फोनवर, वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर. सत्राच्या दिवशी चॅट, लिंक आणि आलेले प्रश्न सांभाळायला एक सहकारी सोबत असावा व त्याला को-होस्ट, म्हणजे मीटिंग सांभाळण्याचे अधिकार असलेला सहयजमान, करून ठेवावे. हे काम वक्त्याने स्वतःकडे ठेवले की त्याची नजर सारखी भिरभिरते आणि श्रोत्यांना तो गोंधळल्यासारखा दिसतो.

कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर, उजेड समोरून, वायरचा इयरफोन, फोनवरील हॉटस्पॉट तयार, लॅपटॉप पूर्ण चार्ज आणि सूचनांचे आवाज बंद. सुरुवातीची दोन वाक्ये तोंडपाठ असावीत. आवाज तिथेच स्थिरावतो. मतदान चालू असतानाच्या शांततेचीही तयारी लागते, कारण अर्धा मिनिट कोणी बोलत नसले की नवखा वक्ता घाबरून मतदान लवकर बंद करतो. त्या वेळात प्रश्न पुन्हा एकदा वाचावा, किती मते आली ते सांगावे आणि मग खुशाल गप्प राहावे. साधन अडलेच तर तोच प्रश्न चॅटमध्ये १, २, ३, ४ असे आकडे लिहायला सांगून पुढे न्यावा. हे पर्यायी वाक्यही वहीत आधीच लिहिलेले असावे.

सत्र संपल्यावर मतदान बंद करून निकाल उतरवून घ्यावेत, आणि वेळेअभावी राहिलेल्या प्रश्नांची लेखी उत्तरे दोन दिवसांच्या आत त्याच गटावर पाठवावीत.