शाळेत लेखक बोलवायचे आहेत? आमच्या झेडपीच्या शाळेत आम्ही कसं करतो ते सांगते

मागच्या चार वर्षांत आमच्या शाळेत पाच लेखक येऊन गेले, तीन प्रत्यक्ष आणि दोघं मोबाईलवरून. शाळा म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातली, पहिली ते चौथी, आम्ही दोघंच शिक्षक, पट 38. आजूबाजूच्या शाळांतल्या मॅडम, सर नेहमी फोन करून विचारतात की कसं जमवलं, पैसे किती दिले, नेटवर्कचं काय केलं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

सगळ्यात पहिले एक गोष्ट, कारण ही चुकली की बाकी कितीही केलं तरी हाती काही लागत नाही. लेखक यायच्या आधी लेकरांनी त्यांची गोष्ट ऐकलेली पाहिजे, नुसती ऐकलेली नाही, तोंडपाठ होईपर्यंत ऐकलेली. नाही तर लेकरांसाठी ते तपासणीला आलेल्या साहेबासारखेच, "नमस्ते सर" म्हणायचं आणि हाताची घडी घालून बसायचं. आमच्या पहिल्या वेळी हेच झालं. लेखिका नागपूरहून पहाटे निघून आल्या होत्या, आणि आम्ही काय केलं तर दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, गावातल्या सगळ्यांची भाषणं, पन्नास मिनिटं त्यातच गेली, मग त्यांना बोलायला पंधरा मिनिटं मिळाली आणि खिचडीचा वास सुटला तशी लेकरं चुळबुळ करायला लागली. तिसरीतली एक पोरगी चित्र काढून आणलं होतं ते दप्तरातच घेऊन घरी गेली. मला ते आजही आठवते.

तर तयारी. पंधरा दिवस तरी लागतात. एका पुस्तकाची एकच प्रत असली तरी चालते. परिपाठ झाला की रोज दहा मिनिटं मोठ्यानं वाचायचं, पान पलटायच्या आधी चित्र प्रत्येक लेकराच्या डोळ्यासमोरून फिरवायचं, मधेच थांबून विचारायचं की आता काय होईन सांगा बरं. आम्ही तर लेखकच असा निवडतो, आधी भरपूर गोष्टी वाचून दाखवतो आणि लेकरं जी गोष्ट "परत वाचा ना मॅडम" म्हणतात तिचा लेखक शोधतो. पुस्तकं नाहीत म्हणून अडायचं काही कारण नाही, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी चित्रांसकट फुकट डाउनलोड होतात, आणि बालभारतीचं किशोर मासिक 1971 पासून निघते, त्याचे जुने अंक ऑनलाइन पाहायला मिळतात.

प्रश्नांसाठी बुटांचा रिकामा खोका ठेवा, वरून फट पाडा. ज्याला जे विचारावं वाटते ते चिठ्ठीवर लिहून टाकेल, पहिलीवाला चित्र काढून टाकेल. आणि कृपा करून आपण प्रश्न लिहून देऊ नका. "आपणास लेखनाची प्रेरणा कोठून मिळाली" हा प्रश्न कोणत्याच आठ वर्षांच्या लेकराचा नसतो. आमच्या खोक्यात निघाले ते असे: तुमच्या घरी बकरी आहे का? गोष्टीतल्या बकरीले शेवटी काऊन विकलं? तुमची मॅडम तुम्हाले मारत होती का? बकरी काऊन विकली, या एका प्रश्नावर त्या गोष्टीच्या लेखिका दहा मिनिटं बोलल्या, कारण त्यांच्या लहानपणी त्यांच्या घरची बकरी खरंच विकली होती.

आता तारीख. इथे फसगत होते, कारण पुण्या-मुंबईचे लोक जुलै-ऑगस्ट म्हणतात. आपल्याकडे उन्हामुळे शाळाच जूनच्या शेवटी उघडते, पुढे पाऊस, नाल्याला पूर आला की रस्ता बंद, आणि टिनावर पाऊस पडायला लागला की वर्गात शेजारच्याचं ऐकू येत नाही. सोयाबीन निघायच्या वेळी अर्धी लेकरं घरी, पुढे कापूस वेचणी लागली की मोठी पोरगी लहान्या भावाला सांभाळायला घरी राहते. 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन कागदावर चांगला दिसते पण आमच्याकडे तेव्हा पट भरत नाही आणि लेखकांनाही त्या दिवशी दहा ठिकाणचं बोलावणं असते. मराठी भाषा गौरव दिन, 27 फेब्रुवारी, त्याचंही तेच. माझा अनुभव म्हणाल तर जानेवारी संपता संपता ते फेब्रुवारीचा मध्य हे सगळ्यात बरं, त्यातही शनिवार, सकाळची शाळा असते, हवा थंड असते, आणि शाळांतला आनंददायी शनिवार, म्हणजे पुस्तकी अभ्यासाऐवजी उपक्रमांचा दिवस असल्यामुळे कोणता तास बुडाला असं कोणी म्हणत नाही. पोळ्याच्या आसपास पावसानं उघडीप दिली तर तेही जमते. तान्ह्या पोळ्याच्या आधी लेकरं लाकडाचे बैल रंगवत बसलेली असतात तेव्हा बैलावरची गोष्ट घेऊन एक लेखक आले होते, मस्त रंगलं.

लेखकांपर्यंत पोचायचं कसं? पुस्तकाच्या मागे प्रकाशकाचा पत्ता, मेल असते, त्यांना लिहा. विदर्भ साहित्य संघ 1923 पासून आहे, नागपूरबाहेरही शाखा आहेत, तिथे विचारा. आपल्या तालुक्यातलेच किती शिक्षक लेकरांसाठी लिहितात तेही पहा, मोठंच नाव पाहिजे असं काही नाही. मेसेज छोटा पण पूर्ण पाठवायचा, मी असा पाठवते:

"नमस्कार ताई, मी अमुक गावच्या जि. प. शाळेत शिकवते. आमच्या 38 लेकरांना तुमची अमुक गोष्ट फार आवडली, आठ वेळा वाचून झाली. जानेवारीच्या शेवटच्या किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी सकाळी दीड तास शाळेत याल का? लहान्यांसोबत अर्धा तास, तिसरी-चौथीसोबत पाऊण तास, मधे चहा. येण्याजाण्याचा खर्च आणि 1500 रुपये मानधन देऊ शकतो. धामणगाव स्टेशनवरून आम्ही घ्यायला येतो. येणं जमत नसेल तर व्हिडिओ कॉलवर अर्धा तास दिला तरी लेकरं खूश होतील."

मानधनाचं आपणच आधी बोलायचं, समोरच्यावर सोडायचं नाही. "लेकरांसाठी आहे, पैसे काय मागायचे" असं आपल्याकडे सर्रास म्हणतात आणि मला ते पटत नाही. मंडपवाला पैसे घेते, फोटोवाला घेते, आणि जिच्यासाठी सगळं केलं तिला नारळ. लिहिणाऱ्याचा पूर्ण दिवस जातो, प्रवास वेगळा. रक्कम कमी असली तरी चालते पण आकडा आधी सांगा आणि त्याच दिवशी हातात द्या. पैसे कुठून? समग्र शिक्षा या सरकारी योजनेमधून प्राथमिक शाळेला पाच हजारांपर्यंत ग्रंथालय अनुदान असते, ते आलं की त्याच लेखकांची पुस्तकं घ्या, मानधन मात्र आम्ही शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडून लोकवर्गणीतून आणि थोडे आम्हा दोघांच्या खिशातून करतो. दोन-तीन शाळांनी मिळून एकाच दिवशी दोन गावं ठेवली तर प्रवासखर्च वाटला जातो. मात्र तीन शाळांची लेकरं एकाच हॉलमध्ये कोंबू नका, साठच्या वर गेली की ती सभा होते.

केंद्रप्रमुखांना आधी कळवा, समितीच्या ठरावात नोंद घ्या, म्हणजे नंतर कोणी विचारत नाही. आणि सत्काराचं आम्ही आता असं करतो. सत्कार शेवटी, पाच मिनिटं, भाषण कोणाचंच नाही. गावातले लोक नाराज होतील अशी भीती मलाही होती, पण मग आम्ही सरपंच ताईंना म्हटलं की तुम्ही भाषण नका करू, गोष्टीचं एक पान लेकरांना वाचून दाखवा. त्या आदल्या दिवशी पुस्तक घरी घेऊन गेल्या, तयारी करून आल्या आणि असं वाचलं की त्यांचाच नातू तोंड उघडं ठेवून पाहत राहिला. तेव्हापासून गावातलं कोणी ना कोणी एक पान वाचतेच.

भेटीच्या दिवशीच्या बारीकसारीक गोष्टी: संडास धुतलेला, बादलीत पाणी, आतून कडी लागणारी. बाई लेखिका येणार असेल तर हे पहिले पहा. स्टेज, टेबल, माईक काही नको, चाळीस लेकरांत माईक नुसता शिट्टी मारते. टाटपट्ट्या अर्धगोल टाका, लेखकांना बुटकी खुर्ची किंवा तेही खाली. झाडाखाली फोटो छान येते पण आवाज वाऱ्यावर जाते, वर्गच बरा. पहिली-दुसरी आणि तिसरी-चौथी वेगवेगळी बसवा, लहान्यांना गाणं, आवाज, हातवारे लागतात, मोठ्यांना सोबत गोष्ट रचायला आवडते. आणि आपण शिक्षकांनी वर्गात बसायचं, मागे ऑनलाइन माहिती भरत नाही, लेकरांसारखं ऐकत बसायचं. लेखकांना लेकरांसोबत एकटं सोडून निघून जायचं नाही हा नियम आमच्याकडे पक्का आहे, माणूस कितीही ओळखीचा असो.

येताना त्यांना एकच गोष्ट आवर्जून आणायला सांगा, कच्ची वही. छापलेलं पुस्तक लेकरांनी पाहिलेलंच असते. मागच्या वर्षी लेखिकेनं तिची वही आणली, साधी दोनशे पानी, त्यात एक पान असं होतं की खोडून खोडून निळं झालेलं, मधे बाण, बाजूला काहीतरी लिहिलेलं, एका कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल डाग. वही हातोहात फिरली. चौथीतला एक पोट्टा बोट ठेवून खोडलेल्या ओळी मोजायला लागला, 14 निघाल्या, आणि तो मोठ्यानं म्हणाला, "बाप्पा, यायलेबी खोडा लागते!" हा पोरगा चुकलं की पानच फाडायचा, त्याची वही परीक्षेपर्यंत अर्धी उरायची. त्यानंतर तो खोडायला लागला, आडवी रेघ मारून, शेजारी परत लिहून. मी त्याला वेगळं काही सांगितलं नव्हतं.

भाषेचं सांगून ठेवा लेखकांना. आमची लेकरं वऱ्हाडीत बोलतात, दोन घरं कोलाम आदिवासींची आहेत, बंजारा तांड्यावरची लेकरं घरी गोरमाटी बोलतात. पाहुण्यांसमोर आपण "नीट बोल, 'मले' नाही 'मला'" म्हटलं की ते लेकरू पुढे तासभर तोंड उघडत नाही. जसं येते तसं विचारू द्या. लेखकांना कळलं नाही तर ते परत विचारतील, नाही तर शेजारचं लेकरू समजावून सांगते, त्यात त्याचीही छाती फुगते.

ऑनलाइन भेटीबद्दल जरा सविस्तर, कारण इथेच जास्त लोक हात टेकतात. बाहेर देशात फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी वर्ल्ड रीड अलाउड डे असते, तेव्हा बरेच लेखक शाळांना पंधरा-वीस मिनिटांची छोटी भेट देतात, थोडं वाचन आणि थोडे प्रश्न. आपणही तेवढंच मनात धरायचं, फार तर अर्धा तास. झूमचं फुकट अकाउंट 40 मिनिटांनी बंद होते, गुगल मीटवर तीन किंवा जास्त जण जोडले की 60 मिनिटं, दोनच जण असले की ती अडचण नाही, म्हणून लिंक ग्रुपवर टाकू नका, शाळेचा एक फोन आणि लेखकांचा एक, बस. आदल्या दिवशी त्याच वेळेला, त्याच जागेवर बसून लेखकांसोबत पाच मिनिटं ट्रायल घ्या. आमच्या शाळेत खिडकीजवळच्या कोपऱ्यात नेटवर्क येते, म्हणून फोन ज्याला जोडतो तो टीव्हीच तिकडे सरकवला. मोबाईल लेकरांच्या डोळ्यांच्या उंचीवर, टीव्हीच्या अगदी खाली ठेवा, म्हणजे लेकरं टीव्ही पाहतात तर लेखकांना चेहरे दिसतात, नाही तर त्यांना अर्धा तास नुसती टाळकी आणि पंखा दिसते. दुसरा फोन त्याच कॉलवर जोडू नका, आवाज घुमते. चिमणीसारखं बोलणाऱ्या लेकरांना एकेक करून फोनजवळ, हातभर अंतरावर उभं करायचं, आधी नाव, मग प्रश्न. लेखकांनी नावानं हाक मारली की लेकरू मागे वळून सगळ्या वर्गाकडे पाहते, तो चेहरा पाहण्यासारखा असते.

लाइट जाईल हे धरूनच चला. फोन पूर्ण चार्ज, ब्लूटूथ स्पीकरही चार्ज. आणि लेखकांकडून दोन दिवस आधी गोष्ट वाचतानाचा पाच-सहा मिनिटांचा व्हिडिओ मागवून मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा. एकदा आमचं नेटवर्क दुसऱ्याच मिनिटाला गेलं ते आलंच नाही, तेव्हा तो व्हिडिओ लावला, मग लेकरांचे प्रश्न व्हॉइस नोटवर रेकॉर्ड केले, घरी जाताना रेंजमध्ये आल्यावर पाठवले, रात्री सगळ्यांची उत्तरं आली, प्रत्येकाला नाव घेऊन. दुसऱ्या दिवशी परिपाठात ऐकवली आणि लेकरांनी ती तीन-तीन वेळा मागितली, त्यामुळे आता नेटवर्क चांगलं असलं तरी दोन-चार प्रश्न आम्ही व्हॉइस नोटसाठी राखून ठेवतो.

फोटोचं: पालकांना आधी विचारा, समितीच्या बैठकीत विचारलं तर एकदम होते. ज्यांची हरकत असेल त्यांची लेकरं फोटोत नको, आणि लेकरांची नावं टाकून स्टेटसला, फेसबुकला काही टाकू नका, लेखकांनाही तसं सांगा.

पुस्तकविक्रीचा टेबल आमच्या शाळेत लावत नाही. मजुरीवाल्या घरातलं लेकरू शंभर रुपये कुठून आणेल, मग चार जण सही घेतात आणि बाकीचे पाहत राहतात. त्याऐवजी आदल्या दिवशी सगळ्यांकडून एका कागदाचं आठ पानी पुस्तक करून घ्या. कागद तीनदा अर्धा दुमडून उघडला की आठ घरं पडतात, मग रुंदीत एकदा दुमडून बंद बाजूनं मधल्या रेघेवर एक घरभर कात्री मारायची, उघडून लांबीत दुमडायचं आणि दोन्ही टोकं आत ढकलायची, पुस्तक तयार. त्यात लेकरू आपली गोष्ट लिहिते, चित्र काढते, मुखपृष्ठावर "लेखक" म्हणून आपलं नाव घालते, आणि लेखकांची सही त्या पुस्तकावर घ्यायची. 38 च्या 38 जणांना सही मिळते, आणि लेखक सही करताना प्रत्येकाचं पहिलं पान वाचतात, म्हणून त्याला वीस मिनिटं वेगळी धरा.

भेट झाली की त्याच आठवड्यात पोस्टकार्ड लिहून घ्या, पन्नास पैशाला एक मिळते, पोस्टमनकाकांना आधी सांगून ठेवलं तर ते गठ्ठा आणून देतात. मजकूर फळ्यावर लिहून देऊ नका. पत्ता तेवढा लिहून द्या, तो मात्र तपासून पहा, पिनकोड बरेच जण चुकवतात.