चांगला मेद आहारात कसा आणावा: भर नको, अदलाबदल करा

ऑलिव्ह तेल चांगलं, असं कुठेतरी वाचून नेहमीच्याच जेवणावर ते आणखी दोन चमचे ओतलं, तर आहार सुधारत नाही, उष्मांक तेवढे वाढतात. मेद कुठलाही असो, एका ग्रॅममागे सुमारे ९ किलोकॅलरी येतात. कर्बोदकं आणि प्रथिनं यांच्यात त्या सुमारे ४ असतात. म्हणून चांगला मेद, म्हणजे दाणे, मासे आणि बहुतेक वनस्पती तेलांतला असंपृक्त मेद, आणायचा तो वाईटाच्या, म्हणजे ट्रान्स फॅट आणि संपृक्त मेदाच्या जागी.

१. आधी घरातलं तेल मोजा

तेलाची नवी बाटली उघडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा आणि ती किती दिवसांत संपते ते पाहा. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. चार माणसांच्या घरात महिन्याला तीन लिटर संपत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज सुमारे २३ ग्रॅम तेल येतं. (तळून उरलेलं टाकून देत असाल तर ते वजा करा.) दूध, चीज, बिस्किटं, मांस, दाणे यांतला मेद वेगळा. अंदाज आणि हिशोब यांत किती फरक पडतो, ते महिनाअखेरीला कळतंच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाच्या एकूण उष्मांकांपैकी ३० टक्क्यांपर्यंत मेदातून यावेत, संपृक्त मेदातून (लोणी-तुपात असतो तो) १० टक्क्यांपर्यंत आणि ट्रान्स फॅटमधून (द्रव तेल कृत्रिमरीत्या घट्ट करताना तयार होतो तो मेद) फार तर १ टक्का. आहार २,००० किलोकॅलरींचा धरला तर एकूण मेद सुमारे ६७ ग्रॅम, त्यात संपृक्त २२ ग्रॅम.

२. काय काढायचं ते ठरवा

पहिला नंबर ट्रान्स फॅटचा. पाकिटावरच्या घटकांच्या यादीत ‘अंशतः हायड्रोजनेटेड तेल’ दिसलं की ते पाकीट परत ठेवा. पुढच्या बाजूला ठळक ‘ट्रान्स फॅट ०’ असलं तरी यादी वाचा, कारण अनेक देशांत ठरावीक मर्यादेखालचं प्रमाण शून्य म्हणून छापायची मुभा असते.

मग संपृक्त मेद: लोणी, तूप, मलई, मांसावरची चरबी, पाम तेल. खोबरेल तेलाची जाहिरात काहीही म्हणो, त्यातला ८० टक्क्यांहून अधिक मेद संपृक्तच असतो. हे पदार्थ विष नाहीत, पण रोजच्या फोडणीला लागत असतील तर प्रमाण बघायला हवं.

३. त्या जागी काय आणायचं

खरी गंमत इथे आहे. लोणी सोडून पांढरा पाव आणि साखर वाढवली, तर हृदयाला काहीच फायदा होत नाही. ‘लो फॅट’ लिहिलेल्या गोड दह्याचं बऱ्याचदा तेच होतं. जागा असंपृक्त मेदानेच भरायला हवी, तेव्हा एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल उतरतं.

पावाला लोण्याऐवजी साखर न घातलेलं शेंगदाण्याचं बटर किंवा कुस्करलेला अ‍ॅव्होकाडो लावा. मधल्या वेळच्या बिस्किटांऐवजी ३० ग्रॅम अक्रोड, बदाम किंवा शेंगदाणे घ्या, तेही वाटीत काढून. डबा समोर ठेवलात तर हात थांबत नाही. स्वयंपाकाला सूर्यफूल, मोहरी, सोयाबीन, ऑलिव्ह, शेंगदाणा यांपैकी चवीला रुचेल ते तेल चालेल. सॅलडवर एक चमचा तेल जरूर घाला: गाजर-टोमॅटोतली रंगद्रव्यं आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं शोषली जायला मेद लागतोच.

४. ओमेगा-३ साठी वेगळी सोय

ओमेगा-३ हा असंपृक्त मेदाचाच एक प्रकार. मासे खात असाल तर आठवड्यातून दोनदा बांगडा, तारली किंवा सॅमन. तळण्यापेक्षा भाजलेले किंवा रश्श्यातले बरे. शाकाहारी मंडळींसाठी जवस, चिया आणि अक्रोड आहेत. मात्र त्यांतल्या ओमेगा-३ चं माशांतल्या प्रकारात रूपांतर शरीर फार थोडं करतं, त्यामुळे ते अधूनमधून नको, रोज हवेत. अख्खं जवस बरंचसं न पचताच बाहेर पडतं, म्हणून दळून खा. एकदम किलोभर दळू नका. आठवड्यापुरतं दळा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रीजमध्ये ठेवा.

५. तेल बिघडू देऊ नका

असंपृक्त मेद हवा, उजेड आणि उष्णतेने लवकर खवट होतो. बाटली शेगडीशेजारून हलवा. कढईतून धूर निघेपर्यंत तेल तापवू नका, आणि तळणीचं काळपट, चिकट झालेलं तेल पुन्हा वापरू नका. अक्रोड कडवट लागला तर टाकून द्या.

पित्ताशय किंवा स्वादुपिंडाचा त्रास असलेल्यांनी मात्र मेदाचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.