क्लासच्या टीव्हींना मल्टिकास्ट देताना स्विचवर काय करायचं

लातूरला क्लासवाल्यांना एका हॉलचा कॅमेरा बाकीच्या हॉलमधल्या टीव्हींवर हवा असतो. एन्कोडर (कॅमेऱ्याचं चित्र नेटवर्कवर टाकणारा डबा) 239.1.1.1 सारख्या ग्रुपच्या पत्त्यावर मल्टिकास्ट, म्हणजे अनेकांसाठी एकच प्रवाह, सोडतो आणि साधा स्विच ते प्रत्येक पोर्टवर ओततो. फीच्या काउंटरवरचा प्रिंटरसुद्धा सुटत नाही, वायफाय तर पार बसतं.

म्हणून मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच घ्या, टीव्हींच्या व्हीलॅनवर (स्विचवर वेगळा केलेला नेटवर्कचा भाग) आयजीएमपी स्नूपिंग, म्हणजे कोणाला कोणता ग्रुप हवा ते स्विचने ऐकणं, चालू करा. टीव्ही ‘हा ग्रुप मला हवा’ असा रिपोर्ट पाठवतो. स्विच तो ऐकून पोर्ट नोंदवतो आणि चित्र तेवढ्याच पोर्टवर जातं.

एवढ्यावर थांबू नका. क्वेरियर, म्हणजे ‘कोणाला कोणता ग्रुप हवा’ असं टीव्हींना विचारत राहणारं उपकरण, नसेल तर साधारण 260 सेकंदांनी नोंदी उडतात. मग चित्र गोठतं, नाहीतर पुन्हा सगळीकडे पसरतं. लोक उगाच केबल बदलत बसतात, फार वाईट वाटतं. राउटर हे काम करत नसेल तर मधल्या स्विचवर क्वेरियर चालू करा, त्याला त्याच व्हीलॅनचा आयपी द्या. तो सहसा दर 125 सेकंदांनी विचारत राहतो.

फास्ट लीव्ह, म्हणजे टीव्हीने ‘नको’ म्हणताच पोर्ट लगेच यादीतून काढणं, हे पोर्टला एकच टीव्ही असेल तिथेच चालू करा.

शेवटी एका टीव्हीवर स्ट्रीम बंद करा आणि ग्रुपचा तक्ता उघडा. त्याचा पोर्ट चार-पाच मिनिटांत यादीतून गेलाच पाहिजे.