शेततळं आटायला लागलं की गोल्डफिश कधी आणि कुठं हलवायचे

सोलापूर, नगर, मराठवाडा पट्ट्यात मे महिन्यात उघड्या पाण्याचं दिवसाला सेंटिमीटरभर बाष्पीभवन होतं, म्हणजे महिन्याला फूटभर पाणी नुसतं ऊनच घेऊन जातं, त्यात डाळिंबाला नाहीतर भाजीपाल्याला ड्रिपनं उपसा चालू असला तर मार्चमध्ये छातीएवढं दिसणारं तळं मेच्या मध्याला गुडघ्यावर येतं. ज्यांनी हौसेनं, पोरांसाठी, कृषी पर्यटनाच्या शोभेसाठी नाहीतर डासांच्या अळ्या खातात म्हणून तळ्यात गोल्डफिश सोडलेत त्यांनी आत्ताच ठरवायला पाहिजे. पाणी कमरेएवढं राहिलं आणि जूनपर्यंत भरायची सोय नसली तर मासे हलवायचेच, तळ दिसायची वाट बघू नका.

गोल्डफिश काटक असतो हे खरंय, आपल्या रोहू-कटलाच्याच खानदानातला आहे, 35 डिग्रीचं पाणीपण काही दिवस काढतो. पण उष्णतेच्या आधी त्याला ऑक्सिजनची कमतरता मारते. 20 डिग्रीच्या एक लिटर पाण्यात साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 ला साडेसातच, आणि हिरवं पाणी असलं तर शेवाळ दिवसा ऑक्सिजन देतं अन रात्री स्वतःच खातं. त्यामुळं पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर समजायचं काम हाताबाहेर चाललंय. तेव्हा खाद्य एकदम बंद. थ्री फेज लाइट रात्रीची असेल तर ती इथं कामालाच येते, मोटर चालू करून तळ्याचंच पाणी स्प्रिंकलरनं परत तळ्यात उडवा, पहाटेपर्यंत निभतं. फुटवालला बारीक जाळी बांधा नाहीतर बारके मासे ओढले जातात. आणि पाणी उथळ झालं की बगळे, खंड्या, पाणकावळे येणारच, लाल-केशरी मासा त्यांना लांबून दिसतो.

आता न्यायचे कुठं. नदी, ओढा, धरण, पाझर तलाव यात सोडायचे नाहीत, कितीही दया आली तरी. गोल्डफिश तळ ढवळून पाणी गढूळ करतो, दुसऱ्या माशांची अंडी खातो, अंगावरच्या उवा आणि रोग तिकडं नेतो. उजनी धरणात चिलापीनं (तिलापिया, बाहेरून आलेला मासा) काय केलं ते तिथल्या कोणत्याही मच्छीमाराला विचारा, बाहेरचा मासा एकदा बसला की उठत नाही. ऑस्ट्रेलियात वास नदीत लोकांनी सोडलेले गोल्डफिश पावणेदोन-दोन किलोचे झालेत. प्यायच्या विहिरीत पण नको, तिथं टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) पडते आणि मासे मरून वर येतात, मग गावाशी भांडण वेगळंच.

सगळ्यात बरं म्हणजे ज्याच्याकडं बारमाही पाणी असलेला बंदिस्त हौद आहे, रिसॉर्ट आहे, मत्स्यालयाचं दुकान आहे त्याला फोन करून देऊन टाका, दुकानदार भाव पाडून मागेल, मागू दे. स्वतःकडं ठेवायचे असतील तर हजार लिटरची टाकी झाडाखाली नाहीतर शेडमध्ये, बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळून, आणि पंजाएवढे मासे असतील तर 20-25 च्या वर नको. सोबत एअर पंप, लाइटचा भरवसा नसला तर बॅटरीवरचा. नुकताच चुना लावलेला जनावरांचा हौद किंवा नवीन सिमेंटची टाकी अजिबात वापरू नका, चुन्यानं पाणी इतकं तिखट होतं की मासा तासाभरात उलटा होतो. फवारणीचा पंप, फवारणीची बादली, तो पाइप, काहीच चालत नाही, सायपरमेथ्रिनसारख्या औषधाचा नुसता अंश माशाला पुरतो. टाकीत निम्मं तळ्याचंच निवळलेलं पाणी आणि निम्मं बोअरचं, बोअरचं उंचावरून धार पाडून एक दिवस आधी भरून ठेवलेलं, कारण बोअरच्या ताज्या पाण्यात ऑक्सिजन फार कमी असतो. नळाचं असेल तर दोन दिवस उन्हात उघडं ठेवा म्हणजे क्लोरिन उडेल.

पकडायचं काम पहाटेच, आदल्या दिवशी उपाशी ठेवून. जुनी मऊ साडी दोघांनी दोन टोकाला धरून हळू ओढायची, चिखल ढवळायचा नाही, तळातून सडक्या अंड्यासारखा वास सुटला की तो गॅस माशांना मारतो. मासा ओल्या हातानं धरा, अंगावरचा चिकट थर निघाला की बुरशी लागते. न्यायच्या पाण्यात 20 लिटरला 40-50 ग्रॅम जाडं मीठ टाका. लांब न्यायचे असतील तर दुकानातून ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या, एक भाग पाणी दोन भाग ऑक्सिजन, आणि थर्माकोलच्या पेटीत. पोचल्यावर पिशवी 20 मिनिटं टाकीत तरंगू द्या, मग थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत, आणि शेवटी मासे सोडा, पिशवीतलं पाणी बाहेर फेका.

प्लॅस्टिक कागदाच्या तळ्यात एकट्यानं कधीच उतरू नका, ही गोष्ट माशांपेक्षा महत्वाची आहे. कागद शेवाळानं साबणासारखा होतो, पोहता येणारा पण वर येऊ शकत नाही. काठाला दोर बांधलेला पाहिजे, वर माणूस पाहिजे, लहान पोरांना मासे बघायला जवळ आणू नका.

टाकीत पहिले दोन दिवस खाद्य नाही, नंतर चिमूटभर. दोन-तीन दिवसाला चौथा हिस्सा पाणी बदला, काढलेलं पाणी झाडांना घाला, चांगलं खत असतं ते. जून लागला की घाई करू नका, पहिल्या पावसाचं पाणी शेतातली औषधं, माती घेऊन येतं, ते तळ्यात निवळू द्या, तीन-चार फूट पाणी झालं की मगच मासे परत टाका, आणि जास्त झाले असतील तर तेव्हाच निम्मे कुणाला तरी देऊन टाका.