खूण आधी, कॅलिपर नंतर: कुमार फुटबॉलपटूंची मापं घेताना

प्रबंधासाठी 14 वर्षांखालील फुटबॉल संघाची मापं घ्यायला मी पहिल्यांदा उभा राहिलो, तेव्हा सूत्रं तोंडपाठ होती, पण हात बसला नव्हता. एकाच मुलाच्या दंडामागच्या त्वचेची घडी, जिच्या जाडीवरून चरबीचा अंदाज येतो, आधी 9 मिलिमीटर भरली, पाच मिनिटांनी 11. मुलगा तोच, घडीची जाडी मोजणारा कॅलिपर नावाचा चिमटाही तोच. मी खूण न करता अंदाजाने घडी उचलत होतो.

म्हणून नव्याने येणाऱ्यांनी आधी खुणा करायला शिकावं. दंडाचा मध्य टेपने काढून पेनाने रेघ मारा. डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने घडी धरा, कॅलिपर बोटांपासून एक सेंटिमीटरवर लावा आणि दोन सेकंदांनी आकडा वाचा. जास्त थांबलात तर घडी दबते आणि आकडा उतरतो. माप उजव्या बाजूचंच घ्यायचं. एकाच जागी लागोपाठ दोनदा घेऊ नका. सगळ्या मापांची एक फेरी संपवून मग दुसरी घ्या, नाहीतर पहिला आकडा डोक्यात बसतो आणि डोळा तोच शोधतो. उंचीची वेळ ठरलेली ठेवा, कारण सकाळपेक्षा संध्याकाळी ती साधारण सेंटिमीटरभर कमी भरते.

शरीरप्रकार, म्हणजे शरीर चरबीकडे, स्नायूंकडे की सडपातळपणाकडे झुकतं ते, काढण्याच्या हीथ-कार्टर पद्धतीला दहा मापं लागतात: उंची, वजन, चार घड्या, कोपर व गुडघ्याच्या हाडांची रुंदी, दंड व पोटरीचा घेर. हे सरावाने जमतं. खरी कसोटी लागते ती आलेल्या आकड्यांचा अर्थ लावताना.

त्या संघात एकाच महिन्यात जन्मलेले दोघे होते. एक 172 सेंटिमीटर, मिसरूड फुटलेला; दुसरा 147. प्रशिक्षकांच्या वहीत दुसऱ्याच्या नावापुढे ‘लहान’ असा शेरा होता. मुलांच्या उंचीचा सर्वाधिक वेग सरासरी चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो, पण कुणाचा वर्ष-दीड वर्ष आधी, तर कुणाचा तेवढाच उशिरा. त्यामुळे या वयात नुसती उंची आणि स्नायू पाहून निवड केली, तर लवकर वयात आलेलेच पुढे जातात. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वाढीच्या या झपाट्यात आधी पाय वाढतात, धड मागून. म्हणून बैठी उंची, म्हणजे बसल्यावर बैठकीपासून डोक्यापर्यंतची उंची, हवीच. 2002 साली मिरवाल्ड आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या सूत्रात वय, वजन, उंची, बैठी उंची आणि पायांची लांबी घालून उंचीचा तो सर्वाधिक वेग किती वर्षं दूर आहे याचा अंदाज मिळतो. फार लवकर किंवा फार उशिरा वाढणाऱ्यांच्या बाबतीत हा अंदाज चुकतो, तेव्हा त्यावरून कुणाला वगळू नका. माझी मुलं पोक काढून बसली होती. बैठी उंची कमी भरली, पाय कागदावर लांब झाले, आणि सगळा संघ पुन्हा मोजावा लागला.

पालकांची लेखी संमती घ्या, आडोसा ठेवा, आकडे टिपणाऱ्या लेखनिकासह दोन मोठी माणसं असू द्या. कुणाचं वजन किंवा चरबी इतरांसमोर उच्चारू नका. या वयात तो आकडा मुलाच्या मनात घर करतो.

तो 147चा मुलगा पुढच्या वेळी मापं घेताना टेपकडे बघत हळूच म्हणाला, “सर, मी वाढणार ना?” मी त्याला त्याचा तक्ता दाखवला: तीन महिन्यांत उंची दीड सेंटिमीटर वाढली होती, मोठा झपाटा अंदाजाने अजून वर्षभर लांब होता. तोच तक्ता मी प्रशिक्षकांकडे नेला. त्यांनी ‘लहान’ खोडलं आणि ‘वाढ उशिरा, पुन्हा पाहणे’ असं लिहिलं.