वायू प्लॅटफॉर्मवरील पाण्यातून तेल कसे वेगळे करावे

समुद्रातील वायूविहिरीतून वायूबरोबर पाणी येते आणि त्यात कंडेन्सेट, म्हणजे वायू थंड झाल्यावर त्यातून सुटणारे हलके तेल, मिसळलेले असते. तेलक्षेत्रांच्या मानाने हे पाणी थोडे, पण स्वच्छ करायला अधिक चिवट. उत्तर समुद्रात ऑस्पार कराराने (ईशान्य अटलांटिकच्या सागरी पर्यावरणाच्या रक्षणासाठीचा आंतरराष्ट्रीय करार) पाण्यात विखुरलेल्या तेलाची मासिक सरासरी लिटरमागे 30 मिलिग्रॅमवर बांधली आहे, त्यामुळे तिथल्या प्लॅटफॉर्मना हे काम टाळता येत नाही.

आधी तेल कोणत्या रूपात आहे ते ओळखावे. काचेच्या बाटलीत नमुना घेऊन तो तासभर स्थिर ठेवावा. वर तेलाचा थर येऊन खालचे पाणी निवळले, तर काम सोपे आहे. पाणी दुधाळच राहिले, तर थेंब फार बारीक झालेले असतात. पाणी नितळ असूनही त्याला पेट्रोलसारखा वास येत असेल, तर बेन्झीन, टोल्युइन यांसारखे घटक विरघळलेले आहेत आणि ते कोणत्याही गाळणीत किंवा सेपरेटरमध्ये, म्हणजे वायू, तेल आणि पाणी वेगळे करणाऱ्या टाकीत, अडकणार नाहीत.

थेंब न फोडणे ही निम्मी लढाई आहे. थेंबाचा व्यास 50 मायक्रॉनवरून 10 मायक्रॉनवर आला, की स्टोक्सच्या नियमानुसार त्याचा वर येण्याचा वेग 25 पटींनी घटतो. चोक व्हॉल्व्हमधला, म्हणजे विहिरीचा प्रवाह आवरणाऱ्या झडपेतला, मोठा दाबउतार नेमके हेच करतो, आणि गंजरोधक रसायनाची मात्रा जास्त झाली तर ते बारीक थेंबांना एकमेकांत मिसळू देत नाही. म्हणून हायड्रोसायक्लोन, म्हणजे पाणी फिरवून तेल वेगळे करणारे नळ्यांचे यंत्र, सेपरेटरनंतर, पण पातळी नियंत्रित करणाऱ्या व्हॉल्व्हच्या आधी बसवावा. त्याला लागणारा दाब तिथे आयता मिळतो, आणि पंप लावून थेंब पुन्हा चिरडावे लागत नाहीत.

हायड्रोसायक्लोनमध्ये पाणी गरगर फिरते, हलके तेल मध्यभागी जमते आणि मागच्या बारीक छिद्रातून बाहेर पडते. हे छिद्र जेमतेम एक-दोन मिलिमीटरचे असल्याने वाळूने किंवा क्षारांनी सहज बुजते, म्हणून ते ठरावीक वेळाने उलट्या प्रवाहाने धुवावे. वायूक्षेत्रात पाण्याचा प्रवाह बहुधा कमी असतो, आणि प्रवाह कमी पडला की फिरकी मंदावून तेल सुटत नाही. अशा वेळी हायड्रोसायक्लोनच्या काही नळ्या बंद करून उरलेल्यांत पुरेसा वेग राखावा. ही साधी गोष्ट विसरली जाते आणि दोष उगाच यंत्राला दिला जातो.

विरघळलेल्या घटकांसाठी सच्छिद्र पॉलिमरच्या मण्यांचे दोन स्तंभ वापरतात. मण्यांच्या आतला द्रव हायड्रोकार्बन शोषून घेतो. एका स्तंभातून पाणी जात असताना दुसऱ्यातील मणी कमी दाबाच्या वाफेने मोकळे केले जातात. वायू कोरडा करणाऱ्या ग्लायकॉलच्या पुनर्प्रक्रियेतून निघणारे पाणी थोडेच असते, पण त्यात बेन्झीन भरपूर असते. ते मुख्य प्रवाहात सोडून सगळेच पाणी बिघडवण्याऐवजी वेगळे ठेवून त्यावरच हा उपचार करणे स्वस्त पडते.

शेवटी नमुना. तो समुद्रात सोडण्याआधी, इतर पाण्याने पातळ होण्यापूर्वी आणि प्रवाह चांगला घुसळलेला असेल अशा ठिकाणी घ्यावा. बाटली नमुन्याच्या पाण्याने विसळू नये, कारण तेल काचेला चिकटून आकडा फुगतो. नमुना लगेच आम्ल घालून राखावा आणि प्रयोगशाळेत बाटलीच्या आतल्या भिंतीही द्रावकाने धुऊन घ्याव्यात.